मन्मथअप्पांनी फिरवलेला निकाल

मन्मथअप्पांच्या दुकानात कापड घ्यायला गेलेल्या माणसाला आधी एका प्रश्नाला तोंड द्यावं लागे. लुगडं, धोतर, खण हे सगळं नंतर.

"सांगा बरं, अख्ख्या आशिया खंडात सगळ्यात मोठा मुक्केबाज कोन?"

समोरच्या बिचाऱ्यानं आशिया खंडाचंच नाव पहिल्यांदा ऐकलेलं असे. तो म्हणे, "अप्पा, आमाला लुगडं पाहिजेल व्हतं." अप्पा ठाण उलगडत म्हणत, "लुगडं देतोच की. पर मानसाला म्हाईत असावं." आणि मग गज लावता लावता मनिला, रंगून, कलकत्ता अशी फेरी मारून ते त्या गिऱ्हाइकाला परत पूर्ण्याच्या स्टेशन रोडवर आणून सोडत. माणूस लुगडं घेऊन जाई, पण जाताना मागे वळून वळून बघे.

मी तेव्हा पूर्ण्याच्या वस्तानिया, म्हणजे मधल्या वर्गांच्या, शाळेत इंग्रजी शिकवायला होतो. निजामाचं राज्य, शाळा उर्दूची, घरी मराठी, आणि शिकवायची इंग्रजी; त्यामुळे माझं कुठलंच धड नव्हतं. पण इंग्रजी वाचता येणारा माणूस म्हणून मन्मथअप्पांना माझी गरज होती. स्टेशनातले गार्डसाहेब जुने इंग्रजी पेपर टाकून जात. अप्पा ते गठ्ठ्यानं कापड बांधायला आणत. एके दिवशी त्यातल्या एका पेपरावर हातात फुगीर मोजे घातलेली दोन उघडी माणसं त्यांना दिसली, आणि तेव्हापासून त्या पेपरात कापड बांधणं बंद झालं. गठ्ठे माडीवर गेले. गिऱ्हाइकांना कापड काखेत मारून न्यावं लागू लागलं.

अप्पा मूळचे झरीचे. अंगानं बुटके, गोल. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, डोक्याला पांढरा रुमाल, गळ्यात इष्टलिंग. सकाळची लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट नाही आणि घराबाहेर कुणाकडे खाणंपिणं नाही. आयुष्यात त्यांनी माशी मारली नसेल. तारुण्यात झरीच्या तालमीत माती अंगाला लावली होती, तेवढाच काय तो मारामारीशी संबंध. असल्या माणसाला ठोशांचं वेड कसं लागलं हे त्यांच्या बायकोला, भागीरथीबाईंना, शेवटपर्यंत कळलं नाही. त्या म्हणत, "लोकाच्या नवऱ्याला पत्त्याचा नाद असतो, तमाशाचा असतो. आमच्या घरी उघडीबोडकी मानसं आली."

दुकानाच्या फळीवर रोज दुपारी घौसखान येऊन बसत. हे पलटणीतून पेन्शनीत निघालेले हवालदार. उंच, वाळलेले, मेंदी लावलेली दाढी. पलटणीबरोबर ते रंगूनला राहून आले होते आणि तिथं त्यांनी मुक्केबाजी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. चहा ते आपल्या घरून पितळी लोट्यात आणत. अप्पांचा अप्पांच्या घरातून येई. दोघं शेजारी बसून आपापला चहा पीत आणि भांडत. खानसाहेबांचा पैलवान रंगूनचा. अप्पांचा मनिलाचा. खानसाहेब म्हणत, "अप्पा, मैं आँखों से देख्या. तुम काय में देखे? पेपर में!"

"तुमी एक डाव बगितला खानसाब. म्या माझ्या मानसाचे अकरा डाव वाचून घेतलेत."

वाचून मी दिलेले होते. मनिलावाला परदेशात एक लढत गुणांवर हरला होता आणि त्या निकालावर चिडून तिथल्या लोकांनी टोप्या भिरकावल्या होत्या, अशी बातमी होती. ती बातमी मी अप्पांना किती वेळा वाचून दाखवली याला गणती नाही. प्रत्येक वेळी त्यांना आशा असे की या खेपेला निकाल वेगळा निघेल. शेवटी म्हणत, "मास्तर, निकाल कागदावर ऱ्हातो, मार अंगावर ऱ्हातो. कागूद खोटं बोलू शकतं." ज्यानं तो डाव जिंकला त्याचं नाव त्यांनी कधी उच्चारलं नाही. त्याला ते 'तो कागदी' म्हणत. वादात स्वतः अडकले की ते शेजारचं नीट घडी घातलेलं ठाण मोडत आणि पुन्हा पहिल्यापासून घडी घालत. घडी संपेपर्यंत उत्तर सापडलेलं असे.

एकदा पिंगळीची मंडळी लग्नाचा बस्ता बांधायला आली. वरबापानं सहज विचारलं की डाव्या हाताचा ठोसा म्हणजे काय असतो. विचारायला नको होतं. अप्पा गादीवरून उठले आणि त्यांनी दाखवला. वरबापाचा पटका उडून खणांच्या ढिगात जाऊन पडला.  वरबाप मोठा समजूतदार, त्यांनी पटका उचलला, झटकला आणि म्हणाले, "अप्पा, सोयरीक आमची जमायलीय आन् मारामारी तुमी करायलात?" बस्ता तिथंच बांधला गेला हे विशेष. कारण पंचक्रोशीत एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती: मन्मथअप्पांचा गज आणि मन्मथअप्पांचा शब्द, दोन्ही तसूभर इकडेतिकडे होत नाहीत. लोक कापड मोजून घेत नसत.

अशा माणसावर पंच व्हायची वेळ आली.

पूर्णा जंक्शन. इंजिनांची शेड, तिथं गोरे-अँग्लोइंडियन ड्रायव्हर, त्यांचा क्लब. दरवर्षी त्या क्लबाच्या मैदानात खेळ होत, आणि त्या वर्षी मुक्केबाजीची एक लढत ठेवली होती. एका बाजूला पीटर म्हणून एका ड्रायव्हरचा मुलगा. दुसऱ्या बाजूला शेडमधला खलाशी लिंबाजी, राहणारा चुडाव्याचा, कोळसा ओढून ओढून खांदे बैलासारखे झालेला. जिंकेल त्याला रेल्वेच्या संघातून सिकंदराबादला न्यायचं ठरलं होतं. तीन पंच हवेत: एक शेडचे गोरे फोरमनसाहेब, एक रेल्वेचे डॉक्टर, आणि एक गावातला इज्जतदार माणूस. गावातला इज्जतदार आणि मुक्केबाजी जाणणारा असा एकच माणूस होता.

त्या दिवशी अप्पा नव्या धोतरात, कोट घालून, कागद-पेन्सिल घेऊन खुर्चीवर बसले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद मला अजून दिसतो. इतके दिवस पेपरातून वाचून घेतलेली गोष्ट पाच हातांवर घडणार होती. जमिनीवर मालगाडीच्या वाघिणीवर टाकतात ती ताडपत्री अंथरली होती, आणि धूळ उडू नये म्हणून तिच्यावर पाणी शिंपडलं होतं. पहिल्या दोन फेऱ्या लिंबाजीनं पीटरला चांगलंच बदडलं. गाव ओरडत होतं. तिसऱ्या फेरीत पीटरनं एक ठोसा फिरवला, लिंबाजी मागे सरला, आणि एकदम ताडपत्रीवर उताणा पडला. पाठ सपशेल जमिनीला. क्षणात उठलासुद्धा. फेरी संपली.

फोरमनसाहेबांनी निकाल लिंबाजीकडे दिला. डॉक्टरांनी पीटरकडे. तिसरा कागद अप्पांचा. त्यावर पीटरचं नाव होतं.

गोऱ्या साहेबानं आपल्या माणसाला दिलं आणि आपल्या माणसानं गोऱ्याला! गाव खवळलं. घौसखान फळीवर येऊन चहाचा लोटा आपटत म्हणाले, "अप्पा, वो गिऱ्या नहीं, फिसल्या! पानी था नीचे!"

"पाठ टेकली खानसाब. म्या डोळ्यानं बगितली. पाठ टेकली म्हंजी संपलं."

"ये कुस्ती नहीं है, अप्पा!"

"पाठ सगळीकडं पाठच असती."

घौसखान लोटा उचलून गेले आणि फळी रिकामी पडली. अप्पा ठाम होते. गावानं तोंडं फिरवली तरी ठाम. उलट त्यांना वाटत होतं की लिंबाजी आपल्याकडचा असूनही आपण खरा निकाल दिला, हाच आपला मोठेपणा. मलासुद्धा तसंच वाटत होतं, हे कबूल केलं पाहिजे. आपण सगळे जत्रेतल्या कुस्त्या बघत वाढलेली माणसं. पाठीला माती लागली का, एवढंच बघायची डोळ्याला सवय. पाय कुठे होता हे कोण बघतो?

दोन-तीन महिन्यांनी एका गार्डानं त्या खेळाच्या नियमांचं चोपडं मला दिलं. मी ते उत्साहानं दुकानात नेलं आणि वाचायला लागलो. गुण कशाचे, फेरी किती मिनिटांची, असं करत करत एका वाक्यापाशी आलो आणि माझा आवाज खाली गेला. त्यात लिहिलं होतं की गुण लागलेल्या ठोशाला मिळतात. ठोसा न लागता, पाय घसरून कुणी पडला तर त्याचा गुण कुणालाच नाही.

"पुन्हा वाचा," अप्पा म्हणाले.

वाचलं.

"अजून एकदा. सावकाश."

तिसऱ्यांदा वाचलं. त्यांनी शेजारच्या ठाणाची घडी मोडली. घातली. पुन्हा मोडली. असं चार वेळा झालं तरी उत्तर सापडेना. मग म्हणाले, "मास्तर, ठोसा लागला न्हवता. मला दिसलं व्हतं. म्या त्याचा इच्यारच केला न्हाई." आणि रुमाल डोक्यावर घालून ते तडक शेडकडे निघाले. दुकान उघडंच.

फोरमनसाहेबांनी त्यांचं ऐकून घेतलं आणि हसले. म्हणाले, निकाल सिकंदराबादला गेला, पीटर संघात खेळतोय, आता काय त्याचं? अप्पांनी माझ्याकडून इंग्रजीत अर्ज लिहून घेतला. उत्तर आलं नाही. दुसरा लिहिला. तिसरा उर्दूत लिहून घेतला, इंग्रजीत काही चुकलं असेल म्हणून. इंग्रजी माझंच असल्यानं मी ते मनाला लावून घेतलं नाही. घौसखानांना मी कसंबसं समजावून फळीवर परत आणलं. ते म्हणाले, "अप्पा, दुनिया में किसी पंच ने अपना फैसला वापस लिया क्या? नक्को करो."

"मग पूर्ण्यापासून सुरू होईल."

"और मनिलावाला?"

"आधी पूर्ण्याचं मिटवू. ज्याला सोताचा निकाल नीट देता आला न्हाई त्यानं आशिया खंडाचा देऊ नये."

आणि खरंच, त्या दिवसापासून दुकानात तो प्रश्न बंद झाला. गिऱ्हाइकांना चुकल्याचुकल्यासारखं होऊ लागलं. मग एके दिवशी बाजारच्या गर्दीत हलगी वाजली. दवंडीवाला ओरडत होता, "ऐका हो ऐका! लिंबाजी खलाशी हरला न्हाई! मन्मथअप्पा कापडवाल्याचा निकाल चुकला हो!" ही दवंडी अप्पांनी स्वतः पिटवली होती. पूर्ण्याला, आणि चुडाव्यालासुद्धा.

त्या दिवशी भागीरथीबाई माडीवरून खाली दुकानात उतरल्या. हे कधी होत नसे. माझ्यादेखत म्हणाल्या, "आवो, नजर चुकली म्हून सांगत सुटलाव. उद्या लोक म्हणतील गज बी चुकतो. लेकराबाळानं काय खावं?"

"चुकलं ते चुकलं."

"मग देवापुढं म्हणा की! हलगी कामून?"

"निकाल मैदानात देला व्हता. देवघरात न्हाई."

बाईंचं भाकीत खरं ठरलं. पुढच्याच बाजारी एका माणसानं अप्पांनी मोजलेलं धोतर त्यांच्यासमोर हातानं पुन्हा मोजलं. मग दुसऱ्यानं. सबंध हयातीत हे झालं नव्हतं. मला त्या माणसांचा संताप आला, तोंडावर आलं होतं बोलायचं. अप्पांनी गज उचलला आणि गिऱ्हाइकाच्या हातात दिला. "मोजा. मोजूनच घेत जावा." 

एवढं सगळं झालं तरी ज्याच्यासाठी झालं तो लिंबाजी काही फिरकला नव्हता. शेवटी अप्पांनी त्याला बोलावणं धाडलं. तो आला, दाराशीच उभा राहिला.

अप्पा म्हणाले, "लिंबाजी, तुझं सिकंदराबाद म्या घालवलं. आता वरच्या सायबाकडं अर्ज करायलोय. पुन्हा लढत लावा म्हून."

"नका करू अप्पा. मला सिकंदराबाद नको."

"मग काय पाहिजेल?"

 लिंबाजी एकदम बोलायला लागला. "त्या दिशी घरी गेलो. बापानं इचारलं, पाठ टेकली का? म्या म्हनलो टेकली, पर पाय घसरला व्हता. बाप म्हनला, पंच कोन? म्या म्हनलो मन्मथअप्पा. बाप म्हनला, मग तू हरलास. अप्पा खोटं सांगत न्हाई, तू सांगायलास." त्यानं दाराची चौकट धरली. "हरल्याचं काय न्हाई वो. मी खोटाडा झालो. तवापासून बोलत न्हाई माझ्यासंगं. माझी तालमीतली मुद्गलाची जोडी चुलतभावाला देली. दवंडी ऐकली तरी न्हाई बोलला. सायबाला सांगू नका अप्पा. माझ्या बापाला सांगा."

 इतके महिने ते सिकंदराबादच्या मागे लागले होते, आणि लिंबाजीचं गेलं होतं ते चार कोसांवर, अप्पांच्या खरेपणाच्या नावानं गेलं होतं. त्यांनी कोट चढवला. मला म्हणाले, "चला मास्तर." आम्ही तिघं दुपारच्या गाडीनं चुडाव्याला उतरलो.

लिंबाजीचा बाप रखमाजी एके काळचा नामांकित पैलवान. सत्तरीचा असेल, कान अजून मोडलेले, मान अजून जाड. शेतात खळं तयार करत होता. जमीन चोपून शेणानं सारवलेली. आम्हाला बघून उठला, अप्पांना हात जोडून शरणार्थ म्हणाला, बसायला घोंगडी टाकली. पोराकडे पाहिलं नाही.

अप्पा बसले नाहीत. "रखमाजी, निकाल चुकला. लिंबाजी हरला न्हाई."

"दवंडी ऐकली म्या. हलगी काय, कुनाच्या बी नावानं वाजती. लेकरानं पाय धरले असतील तुमचे. तुमी मऊ मानूस." मग अप्पांच्या गळ्याकडे बोट करून म्हातारा म्हणाला, "लिंगावर हात ठिवून सांगा."

"न्हाई सांगणार. लिंग पूजेला हाय, साक्षीला न्हाई. म्या नुसतं सांगितल्यावर तुमी पोराला खोटं पाडलं. आता नुसतं सांगितल्यावरच खरं मानायचं."

रखमाजी चमकला. त्यानं अप्पांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग पैलवानाच्या आवाजात विचारलं, "पडला तवा समोरच्याचा हात लागला व्हता का?"

"न्हाई."

"कुटंच?"

"कुटंच न्हाई. पाण्यावर पाय गेला."

"मग पंच म्हून तुमी काय बगत व्हता?"

"पाठ," अप्पा म्हणाले. "पाठ बगत व्हतो. पाय बगितला न्हाई."

 म्हातारा हातातलं चोपणं ठेवून खाली बसला. मग म्हणाला, "म्या बी तेच बगितलं असतं."

"तर मग म्हणा."

"काय?"

अप्पांनी लिंबाजीचं मनगट धरलं, त्याला ओढत खळ्याच्या मधोमध नेलं आणि त्याचा हात वर केला. लिंबाजी त्यांच्यापेक्षा दीड वीत उंच, त्यामुळे अप्पांना टाचा उचलाव्या लागल्या. "ह्यो हात म्या खाली घेणार न्हाई. तुमी म्हणेस्तवर."

मला वाटलं हे क्षणाचं काम आहे. पण रखमाजी पैलवान होता. जन्मात ज्यानं पटकन हार मानली नाही त्यानं ती पोरापुढे कशी मानावी? तो बघत राहिला. ऊन उतरायला लागलं. अप्पांचा रुमाल घामानं भिजला, दंड लटपटायला लागला. मी पुढे झालो तर त्यांनी डोळ्यांनीच मला थांबवलं. लिंबाजी हळूच म्हणाला, "ऱ्हाऊ द्या अप्पा." अप्पांनी मनगट आणखी घट्ट धरलं.

"जितला," म्हातारा शेवटी पुटपुटला. "घ्या खाली."

"मला सांगू नका. त्येला सांगा."

रखमाजी उठला. नुकतंच सारवलेलं खळं, त्याच्यावर कुणाला पाय ठेवू देत नसत. तो ओल्या सारवणावरून पावलं उमटवत पोरासमोर येऊन उभा राहिला. "जितलास की रे लिंबा," म्हणाला, "म्याच बोललो न्हाई." त्यानं पोराचा दुसरा हात धरला.

महिन्याभरात माझी बदली जिंतूरला झाली. नंतर पूर्ण्याला जाणं झालं नाही, आणि अप्पा गेल्याचंही मला फार उशिरा कळलं. त्यामुळे माझ्या लेखी ते अजून तिथंच आहेत. ओल्या खळ्यात टाचा उचलून, दोन्ही हातांनी ते मनगट पेलत उभे. बाप लेकाला पोटाशी धरून रडत होता, आता सोडा म्हणून मी सांगत होतो, आणि अप्पा काही तो हात खाली घेत नव्हते.